दुसऱ्या वर्षाचा गृहपाठ

दोन-तीन विद्यापीठांचे होकार हातात असतात, उत्तर कळवायला थोडे दिवस उरलेले असतात आणि जो तो एकच विचारतो: यातलं वरचं कुठलं? त्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या याद्या ढिगाने मिळतात. पण संगणकाची पदवी निवडताना वरचं-खालचं बघण्याआधी बघावी अशी एक गोष्ट आहे, आणि ती बहुधा कुणी उघडूनही पाहत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गृहपाठ काय असतो, आणि तो तपासतं कोण?

आधी याद्यांचं उरकून घेऊ, कारण त्या डोक्यातून उतरल्याशिवाय बाकीचं ऐकू येत नाही. क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक यादीत २०२४ च्या आवृत्तीपासून ३० टक्के वजन प्राध्यापकांच्या मतचाचणीला आहे आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतचाचणीला. म्हणजे जवळपास निम्मा आकडा लौकिकाचा. लौकिक खोटा नसतो, पण तो अख्ख्या विद्यापीठाचा असतो आणि बऱ्याचदा वीस वर्षांपूर्वीचा असतो. संगणकशास्त्रापुरती ‘सीएसरँकिंग्ज’ नावाची यादी आहे. ती मतं विचारत नाही; ठरावीक परिषदांमध्ये छापून आलेले निबंध मोजते आणि एका निबंधाचं श्रेय लेखकांमध्ये वाटून देते. पीएचडीला कुठे जावं याचा विचार करणाऱ्याला ती फार उपयोगी आहे. पहिल्या वर्षाला पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता धरून ठेवणारी गोष्ट, समजावून कोण सांगणार, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही, आणि तसा तिचा दावाही नाही.

आणि आकडे विद्यापीठानेच पुरवलेले असले तर? अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध यादीत कोलंबिया विद्यापीठ दुसऱ्या क्रमांकावर होतं. त्याच विद्यापीठातल्या गणिताच्या एका प्राध्यापकाने आकड्यांवर शंका घेतली, चौकशी झाली आणि २०२२ मध्ये कोलंबिया एकदम अठराव्या क्रमांकावर आलं. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग ८२.५ टक्के आहेत असं आधी कळवलं होतं. नव्या मोजणीत ते ५७ टक्क्यांच्या आसपास निघाले. वर्गखोल्या तिथेच होत्या, शिकवणारे तेच होते. बदलली ती फक्त मोजण्याची रीत. म्हणून यादीतले दहा-पंधरा क्रमांकांचे फरक मी तरी फरक धरणार नाही.

पदवीच्या नावाचाही असाच घोळ होतो. एसीएम आणि आयईईई या संगणक आणि अभियांत्रिकी क्षेत्रातल्या व्यावसायिक संस्थांनी २००५ च्या अहवालात संगणकाच्या पदव्यांचे पाच प्रकार मांडले: कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, इन्फर्मेशन सिस्टिम्स, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. २०२० च्या अहवालात सायबर सुरक्षा आणि डेटा सायन्स यांचीही दखल घेतली गेली. कागदावर विभागणी स्वच्छ आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सर्किटच्या बाजूने झुकतं, इन्फर्मेशन सिस्टिम्स संस्थेच्या कारभाराकडे, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग मोठा प्रोग्राम अनेकांनी मिळून कसा बांधायचा याकडे. प्रत्यक्षात एका ठिकाणची ‘आयटी’ दुसऱ्या ठिकाणच्या ‘कॉम्प्युटर सायन्स’पेक्षा कठीण असू शकते. नवं नाव दिसलं, विशेषतः कृत्रिम बुद्धिमत्तेचं, की आत काय आलं हे पाहू नये. काय गेलं ते पाहावं. कार्नेगी मेलनने २०१८ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची स्वतंत्र पदवी सुरू केली, ती संगणकशास्त्राचा भक्कम पाया तसाच ठेवून. इतरत्र कित्येकदा त्याच नावाखाली ऑपरेटिंग सिस्टिम आणि संगणक रचना हे दोन विषय गुपचूप वगळलेले दिसतात आणि त्या जागी एखाद्या कंपनीच्या उत्पादनाचं नाव असलेला विषय येतो. अभ्यासक्रमात संकल्पनेऐवजी उत्पादनाचं नाव आलं की समजावं, तो विषय पदवी हातात पडेपर्यंत शिळा होणार.

आता गृहपाठ. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची विषयांची यादी बाजूला ठेवायची. त्या याद्या सगळीकडे सारख्याच असतात. डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम ही नावं कुठे नसतात? शोधायचं ते एका विषयाचं पान. आठवड्यागणिक वेळापत्रक, असाइनमेंट, त्यांच्या मुदती, गुणांची विभागणी हे सगळं तिथे असतं. कित्येक चांगले विभाग हे उघड्यावर ठेवतात. कुठला विषय घ्यावा? माझं उत्तर ऑपरेटिंग सिस्टिम. शितावरून भाताची परीक्षा करायची तर हे शीत चांगलं. या विषयात तोंडपाठ करून पुढे जाता येतं आणि खरोखर काही बांधूनही पुढे जाता येतं. विभागाने कुठला रस्ता धरलाय ते लगेच उघडं पडतं.

पहिल्या रस्त्याचा गृहपाठ असा असतो: शेड्यूलिंगचे (प्रोसेसर कुठल्या कामाला कधी द्यायचा ते ठरवण्याचे) पाच प्रकार लिहा, त्यांची तुलना करा, दिलेल्या कोष्टकावरून सरासरी प्रतीक्षाकाळ काढा. यात वाईट काही नाही, पण सत्रभर एवढंच असेल तर विद्यार्थी ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत कधी शिरलाच नाही. दुसऱ्या रस्त्याची उदाहरणं जगाला माहीत आहेत. एमआयटीने २००६ मध्ये युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहाव्या आवृत्तीवर बेतलेली एक्सव्ही६ नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवण्यासाठी तयार केली. ती काही हजार ओळींची आहे, एका सत्रात पूर्ण वाचून होते. मुलांनी तिच्यात नवा सिस्टिम कॉल (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमकडे काम मागण्याची वाट) घालायचा, पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचे तक्ते) हाताळायचे, प्रोसेसची नक्कल करताना मेमरी लगेच न उतरवता गरज पडेल तेव्हाच उतरवायची अशी सोय बांधायची, फाइल सिस्टिमला मोठ्या फाइल पेलायला शिकवायचं. स्टॅनफर्डसाठी २००४ मध्ये लिहिलेल्या पिंटॉसमध्ये चार टप्पे असतात: थ्रेड (एकाच वेळी चालणारी स्वतंत्र कामं), वापरकर्त्याचे प्रोग्राम, व्हर्च्युअल मेमरी आणि फाइल सिस्टिम. या दोन्ही प्रणाली जगभरातल्या अनेक विद्यापीठांनी उचलल्या आहेत, त्यामुळे तुमच्या यादीतल्या विद्यापीठाच्या पानावर ही नावं दिसण्याची शक्यता चांगलीच असते. दिसली नाहीत तरी बिघडत नाही. स्वतःची एखादी छोटी प्रणाली शिकवणारे विभागही आहेत. मुलांनी कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, हात घातला का, एवढंच पाहायचं.

हात घालण्याने काय होतं? पिंटॉसच्या पहिल्याच टप्प्यात एक गंमत आहे. कमी प्राधान्याच्या थ्रेडने एक लॉक (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) धरून ठेवलंय, जास्त प्राधान्याचा थ्रेड त्याच लॉकसाठी ताटकळतोय आणि मधल्या प्राधान्याचा तिसराच कुणी प्रोसेसर बळकावून बसलाय. सर्वात महत्त्वाचं काम सर्वात मागे पडलं. यावर उपाय म्हणजे लॉक धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याचं प्राधान्य तात्पुरतं उसनं द्यायचं. वाचायला दोन ओळी. लिहायला बसलं की उसनं कुणाचं, किती पातळ्यांपर्यंत आणि परत कधी करायचं यात आठवडा जातो. वर प्रोग्राम नऊ वेळा बरोबर चालतो आणि दहाव्यांदा गोठतो. त्या दहाव्या वेळेचा माग काढणं पुस्तकातून शिकवता येत नाही. दोन विद्यापीठांत बाकी सगळं सारखं असेल, तर ही दहावी वेळ मुलांच्या वाट्याला येऊ देणारं विद्यापीठ घ्यावं.

ऑपरेटिंग सिस्टिमचं पान सापडलं नाही तर संगणक रचनेचं पाहावं. कार्नेगी मेलनच्या १५-२१३ या विषयातली बॉम्ब लॅब प्रसिद्ध आहे: मूळ कोड नसलेला, फक्त चालवता येणारा प्रोग्राम मिळतो, असेंब्ली (यंत्राच्या भाषेच्या सर्वात जवळची भाषा) वाचून सहा टप्प्यांत योग्य शब्द टाइप करून तो ‘निकामी’ करायचा. चुकलं की स्फोट, आणि थोडे गुण जातात. त्याच विषयात पुढे स्वतःचा मेमरी अ‍ॅलोकेटर, म्हणजे मागेल त्याला मेमरी वाटून देणारा कोड, लिहायचा असतो. त्याला गुण मिळतात ते वेगावर आणि मेमरी किती वाया गेली त्यावर; नुसता चालला म्हणून पूर्ण गुण नाहीत. ‘चाललं ना, झालं मग’ ही सवय मोडण्याचा यापेक्षा चांगला उपाय माझ्या माहितीत नाही.

गृहपाठ काय आहे हे कळलं की दुसरा अर्धा प्रश्न उरतो: तपासतं कोण? आज बहुतेक ठिकाणी प्रोग्राम आपोआप तपासला जातो. सर्व्हरवर चढवा, चाचण्या चालतात, मिनिटाभरात गुण दिसतात. सोय मोठी आहे. शंभर मुलांचा कोड हाताने तपासायला लागणारा वेळ वाचतो आणि मुलांना मध्यरात्रीही उत्तर मिळतं. पण नुसतं एवढंच असलं की मुलं प्रश्नाला सोडून चाचण्यांना उत्तर द्यायला लागतात. सातवी चाचणी फसतेय का? मग त्या एका इनपुटसाठी एक जादा अट टाका. गुण पूर्ण, कोड भयंकर, आणि ते भयंकर आहे हे सांगायला कुणीच नाही. म्हणून विषयाच्या पानावर गुणांची विभागणी नीट वाचावी. चाचण्यांना किती, कोडच्या मांडणीला किती, डिझाइनच्या टिपणाला किती? पिंटॉसच्या मूळ रचनेत प्रत्येक टप्प्याबरोबर डिझाइनचं टिपण द्यावं लागतं आणि त्यालाही चांगलं वजन असतं. तशी ओळ दिसली की समजावं, कोड माणूस वाचतो.

आता त्यात सांगेल तसा कोड लिहून देणाऱ्या भाषा मॉडेलांची भर पडली आहे. घरी लिहिलेला प्रोग्राम विद्यार्थ्यानेच लिहिला हे गृहीत धरणं बंद झालंय. काही विभागांनी गृहपाठाचं वजन कमी करून लॅबमध्ये बसून देण्याच्या परीक्षा वाढवल्या, काहींनी प्रत्येक असाइनमेंटनंतर पाच-दहा मिनिटांची तोंडी सुरू केली: ही ओळ का लिहिलीस, ही काढली तर काय होईल? काहींनी कागदावर कोड लिहून घेण्याची जुनी पद्धत परत आणली. कागदावरच्या परीक्षेला नाकं मुरडणारे पुष्कळ. वीस ओळींचं फंक्शन असेल तर मला ती ठीक वाटते, दीडशे ओळींचं असेल तर ती हस्ताक्षराची परीक्षा होते. उत्तर कुठलंही असो, विभागाकडे ते असायला हवं. विचारल्यावर ‘आम्ही मनाई केली आहे’ एवढंच सांगणाऱ्या विभागाने अजून विचार केलेला नाही.

यासाठी माणसं लागतात. विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तर विचारून फारसं हाती लागत नाही. त्यात रजेवर असलेले, फक्त संशोधन करणारे, पदव्युत्तर वर्गांनाच शिकवणारे सगळे मोजलेले असू शकतात. विचारायचं ते हे: दुसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये एका वेळी किती मुलं असतात, त्यांच्यात फिरणारे सहाय्यक किती, आणि मुदतीच्या आदल्या दिवशी शंका विचारायला बसण्याची वेळ असते का? व्याख्यानाला चारशे मुलं असली तरी चालेल. लॅबमध्ये साठ मुलांमागे एक सहाय्यक असेल तर मात्र अडकलेला विद्यार्थी अडकलेलाच राहतो.

पहिली भाषा कुठली शिकवतात यावर घरोघरी फार वाद होतात. तेवढा वेळ त्यात घालवू नये. ऑक्सफर्ड पहिल्या वर्षी हॅस्केल शिकवतं, केंब्रिज ओकॅमल, कॅनडातलं वॉटर्लू रॅकेटने सुरुवात करतं. या भाषांत नोकऱ्या थोड्याच, आणि त्या पदवीधरांचं काही अडलेलं नाही. एमआयटीने आपला प्रसिद्ध पहिला कोर्स अनेक वर्षं स्कीममध्ये शिकवला आणि मग पायथनकडे वळली. भाषा एकच असणं मात्र खटकायला हवं. चार वर्षांत निदान एक अशी भाषा हवी जिच्यात मेमरी स्वतः सांभाळावी लागते आणि एक अशी, जिच्यात विचार फंक्शनच्या अंगाने करावा लागतो.

गणिताचंही थोडक्यात. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स पहिल्या वर्षात हवं, लिनिअर अल्जिब्रा आणि संभाव्यता मशीन लर्निंगच्या आधी हवी. कागदावर तिन्ही असतात. क्रम उलटा असतो तिथे मशीन लर्निंग म्हणजे तयार लायब्ररीतली फंक्शनं बोलावणं होऊन बसतं.

क्रमावरून एक काम सुचवतो, त्याला अर्धा तास लागतो. कोरा कागद घ्या. विषय गोलात लिहा आणि कुठला विषय घेण्याआधी कुठला पार पडायला हवा ते बाणांनी जोडा. प्रोग्रामिंगवरून डेटा स्ट्रक्चर्स, तिथून संगणक रचना, तिथून ऑपरेटिंग सिस्टिम, तिथून वितरित प्रणाली. आता सर्वात लांब साखळी शोधा आणि तिच्यातला प्रत्येक विषय वर्षातून एकदाच शिकवला जातो की दोनदा, ते त्याच्या बाजूला लिहा. पाच विषयांची साखळी आणि प्रत्येक विषय वर्षातून एकदाच असेल, तर दुसऱ्या सत्रात डेटा स्ट्रक्चर्स राहिला की गेलं ते सत्र नाही, गेलं ते अख्खं वर्ष. चार वर्षांची पदवी पाच वर्षांची होण्यामागे बऱ्याचदा हे एकच कारण असतं, आणि खर्चाचा हिशेब करताना ते पाचवं वर्ष कुणी धरत नाही. नापास होण्याचे नियमही याच कागदावर लिहून ठेवावेत. झुरिकच्या ईटीएचमध्ये पहिल्या वर्षाची परीक्षा नापास झाली तर ती पुन्हा एकदाच देता येते. काही विद्यापीठांत आधी विद्यापीठात प्रवेश मिळतो आणि संगणकशास्त्राच्या शाखेत जाण्यासाठी पहिल्या वर्षाचे गुण पुन्हा पाहिले जातात. होकाराच्या पत्रात ही बाब मधल्याच एखाद्या परिच्छेदात असते.

ऐच्छिक विषयांच्या लांबलचक यादीला भुलू नये. चाळीस नावं असतात, त्यातली निम्मी ज्या प्राध्यापकासाठी जोडली होती तो कधीच सोडून गेलेला असतो. गेल्या चार सत्रांची प्रत्यक्ष वेळापत्रकं काढावीत आणि त्यात जे खरोखर चालले तेवढेच मोजावेत. चाळीसाचे नऊ झाले तर नवल वाटायला नको. जागा किती होत्या आणि त्या कुणाला आधी मिळाल्या, हेही विचारावं.

क्रेडिटचा हिशेब युरोपात सोपा आहे: वर्षाला ६०, आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. सहा क्रेडिटचा विषय म्हणजे १५० ते १८० तास. परीक्षेचे आठवडे धरून सत्र १८-२० आठवड्यांचं मानलं तर आठवड्याला आठ-दहा तास. त्यातले व्याख्यान आणि लॅबचे चार-पाच गेले तर उरलेले गृहपाठाचे. विषयाच्या पानावरच्या असाइनमेंट बघून प्रामाणिकपणे विचारावं, याला एवढे तास लागतील का? दोन तासांत उरकेल असं वाटलं तर क्रेडिट फुगवलेले आहेत. याउलट वीस तास लागतील असं वाटलं तर त्या सत्रात आणखी चार विषय आहेत हे विसरू नये.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट एकट्याने की गटाने, किती आठवडे, एका गाइडकडे किती गट, हे विचारून घ्यावं. एका गाइडकडे पंधरा गट असतील तर गाइड भेटतो तो सादरीकरणाच्या दिवशी.

इंटर्नशिपचं सर्वात पक्कं रूप म्हणजे वॉटर्लूसारखी को-ऑप पद्धत. तिथे अभ्यासाची आणि कामाची सत्रं आलटून पालटून येतात, कामाची सत्रं पाच-सहा होतात आणि पदवीला पाच वर्षांच्या आसपास लागतात. अशी रचना चालवायची तर मूळ विषय वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा शिकवावे लागतात. तो मघाचा बाणांचा कागद इथे पुन्हा कामाला येतो. नुसतं ‘इंटर्नशिपला प्रोत्साहन’ असं लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. क्रेडिट आहेत का, सत्रात त्यासाठी जागा ठेवली आहे का, मिळाली नाही तर पर्याय काय?

नोकऱ्यांचे आकडे सर्वात ठळक छापलेले असतात आणि सर्वात कमी सांगतात. टक्के कशाचे, हे आधी पाहावं. शंभरपैकी साठ जणांनी नोंदणी केली आणि चोपन्न जणांना नोकरी मिळाली, तर छापून येतं ९० टक्के. सरासरी पगारही तसाच. नऊ जणांना पाच-पाच आणि एकाला पंचावन्न मिळाले तर सरासरी दहा येते, आणि दहा कुणालाच मिळालेले नसतात. मध्यक मागावा, म्हणजे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. तो द्यायला विद्यापीठाने टाळाटाळ केली तर ती टाळाटाळ हेच उत्तर समजावं. काम काय मिळालं हेही विचारावं. प्रोग्राम लिहिण्याची नोकरी आणि तक्रारींचे फोन घेण्याची नोकरी त्या टक्केवारीत शेजारी शेजारी बसतात.

अधिमान्यता, म्हणजे दर्जा तपासून बाहेरच्या संस्थेने दिलेली मान्यता, एकदा तपासून मोकळं व्हावं. ती विद्यापीठाला असते की त्या नेमक्या पदवीला, आणि किती सालापर्यंत, एवढंच बघायचं. संगणकाच्या पदव्यांची अधिमान्यता देणाऱ्या निरनिराळ्या देशांतल्या संस्थांनी एकमेकींना मान्यता देण्यासाठी २००८ मध्ये सोल करार केला. पुढे दुसऱ्या देशात शिकायचं किंवा काम करायचं असेल तर आपल्या विद्यापीठाची संस्था त्यात आहे का ते पाहून ठेवावं. अधिमान्यता म्हणजे तळ. छताची उंची तिच्यावरून कळत नाही.

हे सगळं झाल्यावर काहीजण तक्ता करतात: प्रत्येक निकषाला वजन, प्रत्येक विद्यापीठाला गुण, खाली बेरीज. बेरीज मनासारखी आली नाही की वजनं बदलतात, मनासारखी येईपर्यंत. त्यापेक्षा आधी तीनच चाळण्या लावाव्यात: खर्च पाचव्या वर्षासकट झेपतो का, शाखा नक्की मिळाली आहे का, गृहपाठात काही बांधायला लावतात का? यातून जे पडलं ते पडलं. जे उरलं त्यांच्यासाठी बेरजा करू नयेत, तिथल्या मुलांशी बोलावं.

बोलायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी, विद्यापीठाने पुढे केलेल्या स्वागतकांशी नव्हे. ‘कसं आहे?’ विचारलं की ‘छान आहे’ मिळतं. म्हणून तीन प्रश्न. या सत्रात सर्वात जास्त वेळ कुठल्या असाइनमेंटला लागला? अडकलात तेव्हा कुणाकडे गेलात? आणि गुण परत आले तेव्हा त्यांच्यासोबत काय लिहून आलं? पहिल्याचं उत्तर लगेच येतं, तक्रारीच्या सुरात, आणि तक्रार जितकी तपशीलवार तितकं चांगलं. दुसऱ्याला बहुतेक जण मित्राचं नाव घेतात; सहाय्यकाचं किंवा बाईंचं नाव कुणी घेतलं तर टिपून ठेवावं. तिसऱ्यावर मुलं थांबतात. ‘लिहून? गुण दिसतात ना ऑनलाइन’ असं म्हणतात. क्वचित एखादी मुलगी फोन काढते, स्क्रीन वर सरकवत जाते आणि दाखवते: ‘३१ व्या ओळीत ही मेमरी मोकळी केली आहेस, ३६ व्या ओळीत तीच वाचली आहेस. चाचण्यांत हे सापडलं नाही, कारण मधे दुसरं काही मागितलं गेलं नाही. दुरुस्त करून शुक्रवारी दाखव.’ मग तिला विचारावं, शुक्रवारी दाखवलंस का?